रात्रीच्या दीड तासासाठी शाळेची खोली हवी आहे : महापालिका आयुक्तांना खुले पत्र

प्रति,
मा. आयुक्त, बृहन्मुंबई महानगरपालिका,
तसेच महापालिकेच्या शिक्षण विभागातील सर्व संबंधित अधिकारी

विषय : प्रौढ स्थलांतरित कामगारांच्या भाषावर्गांसाठी महापालिका शाळांतील खोल्या रात्री उपलब्ध करून देण्याबाबत

महोदय,

साकीनाका, चांदिवली आणि कुर्ला या पट्ट्यात बांधकामांवर, छोट्या कारखान्यांच्या गाळ्यांत आणि गोदामांत काम करणाऱ्या प्रौढ कामगारांना आम्ही काही जण रात्री विनामोबदला इंग्रजी शिकवतो. मी बँकेतून निवृत्त झाले आहे. माझ्याबरोबर काही महाविद्यालयीन विद्यार्थी, एक अभियंता आणि एक निवृत्त शिक्षिका आहेत. आमच्यामागे नोंदणीकृत संस्था नाही आणि आम्हाला अनुदानही नको आहे. आमची मागणी एकच आहे, आणि ती फक्त आमच्या वर्गासाठी नाही. महापालिकेच्या शाळांतील वरच्या इयत्तांच्या खोल्या आठवड्यातून चार दिवस रात्री साडेआठ ते दहा या वेळेत प्रौढ कामगारांच्या भाषावर्गांसाठी उघड्या ठेवाव्यात, आणि ही सोय एखाद्या मुख्याध्यापकांच्या भलेपणावर न सोडता महापालिकेच्या लेखी आदेशाने व्हावी.

इंग्रजीच कशासाठी, हा प्रश्न आपल्या मनात येईल आणि तो रास्त आहे. आमच्याकडे येणाऱ्यांपैकी फारच थोड्यांना साहेबी नोकरीची आस असते. त्यांना वाचता यायला हवा असतो तो त्यांच्याच कष्टाविषयी दुसऱ्या कोणी लिहून ठेवलेला कागद. मुंबईतला कामगार हिंदीत, मराठीत, भोजपुरीत, बंगालीत किंवा तेलुगूत बोलतो, मुकादमही त्याच्याशी त्याला समजेल अशा भाषेत बोलतो, आणि हजेरीची वही बहुधा देवनागरीत असते. परंतु जिथे त्याचा पैसा आणि त्याचा हक्क ठरतो, तिथला कागद बहुतेक वेळा इंग्रजीत असतो : नेमणूकपत्र, पगाराची पावती, भविष्य निर्वाह निधीचे पासबुक, बँकेकडून मोबाइलवर येणारा संदेश, रुग्णालयातून घरी सोडताना हातात ठेवलेला कागद. पगाराच्या पावतीवरचे बेसिक, ग्रॉस, डिडक्शन आणि नेट, म्हणजे मूळ पगार, एकूण पगार, कपात आणि हातात येणारी रक्कम, हे चार रकाने ओळखता आले की माणूस प्रश्न विचारू लागतो. माझ्या पगारातून बारा टक्के पीएफ कापला जातो, तर मालकाचा तेवढाच वाटा जमा होतो का? कर्मचारी राज्य विम्यासाठी (ईएसआय) पाऊण टक्का जातो, तर त्याचे कार्ड मला का मिळाले नाही? हे प्रश्न आम्ही त्याला शिकवत नाही. कागद वाचता येऊ लागला की ते त्याचे त्यालाच सुचतात, आणि वर्गात पुढच्या बाकावरून मागच्या बाकापर्यंत पोहोचतात.

म्हणूनच आमचा पहिला धडा मुळाक्षरांचा नसतो, तो स्वतःच्या नावाचा असतो. गावच्या शाळेचा दाखला, आधार कार्ड, बँकेचे खाते आणि पीएफचे खाते या चार ठिकाणी एकाच माणसाचे नाव वेगवेगळ्या स्पेलिंगने लिहिलेले आढळते, कारण चारही ठिकाणी ते दुसऱ्याच कोणीतरी लिहिलेले असते. नाव किंवा जन्मतारीख जुळत नाही म्हणून पीएफचा दावा परत येतो. मग काही वेळा दुरुस्तीच्या अर्जाला जुन्या ठेकेदाराची मंजुरी लागते आणि तो ठेकेदार तर कधीच दुसऱ्या कामावर निघून गेलेला असतो. स्वतःचे, वडिलांचे आणि गावाचे नाव, जिल्हा, पिन कोड आणि जन्मतारीख हे सगळे आधार कार्डावर असेल तसेच, एकाही अक्षराचा फरक न करता लिहिता येणे, हे आमच्या वर्गातले पहिले यश मानले जाते. बँकेत मी आयुष्यभर अर्ज तपासले, आणि नावातल्या एका अक्षरापायी माणसाचे किती दिवस वाया जातात हे मी काउंटरच्या आतल्या बाजूने पाहिले आहे.

एक प्रसंग सांगते, कारण तो अपवाद नाही. फरशी बसवणारा एक कारागीर काम संपल्यावर राहिलेली मजुरी मागायला गेला तेव्हा त्याला थोडी रक्कम देण्यात आली आणि एका इंग्रजी कागदावर त्याची सही घेण्यात आली. पैसे मिळाल्याची पावती असेल, असे समजून त्याने सही केली. कागदाचे मोबाइलवर काढलेले छायाचित्र त्याने नंतर वर्गात दाखवले, तेव्हा कळले की संपूर्ण हिशेब मिटला असून आता काहीही येणे बाकी नाही, असे त्याने स्वतःच लिहून दिले होते. त्याच्या हजेरीच्या डायरीप्रमाणे दीड महिन्याची मजुरी शिल्लक होती. तो अडाणी माणूस नव्हता. तो दहावीपर्यंत शिकलेला होता, हिंदी वर्तमानपत्र वाचत होता, आणि एखाद्या खोलीला किती फरशी लागेल हे तो उभ्याउभ्या सांगत असे. त्या कागदावरच्या तीन ओळी वाचता येण्याएवढे इंग्रजी त्याच्याकडे असते, तर त्याने सही करण्यापूर्वी निदान विचारले असते.

पैशाइतकाच प्रश्न जिवाचा आहे. मोठ्या बांधकामांवर सकाळी काम सुरू होण्यापूर्वी टूलबॉक्स टॉक, म्हणजे सुरक्षेविषयीची छोटी बैठक, होते. सुरक्षा अधिकारी हिंदीत समजावतो, पण त्यानंतर ज्या कागदावर कामगारांच्या सह्या घेतल्या जातात तो इंग्रजीत असतो. वेल्डिंगचे हॉट वर्क परमिट, उंचीवर काम करण्याचा परवाना, थिनर आणि इपॉक्सीच्या डब्यांवरचे इशारे, विजेच्या पॅनेलवर अडकवलेली पाटी या गोष्टी मुखपृष्ठावर सुरेख चित्रे असलेल्या कोणत्याही इंग्रजी पाठ्यपुस्तकात सापडत नाहीत, आणि आमच्या विद्यार्थ्यांना नेमक्या त्याच हव्या असतात. संख्या ऐकण्याचा सराव आम्ही मुद्दाम घेतो. वॉकीटॉकीवर थर्टीन ऐकू आले की थर्टी, फिफ्टीन की फिफ्टी, यावर सळईचे अंतर आणि उचलायचे वजन अवलंबून असते. आणि चुकीचे ऐकले गेले, तर दोष ऐकणाऱ्या मजुराच्याच माथी मारला जातो.

काही जणांना आखातात जायचे असते. दहावी उत्तीर्ण नसलेल्या माणसाच्या पासपोर्टला सामान्यतः ईसीआर (इमिग्रेशन चेक रिक्वायर्ड, म्हणजे परदेशी नोकरीपूर्वी तपासणी आवश्यक) असा दर्जा लागतो, आणि तसा पासपोर्ट असलेल्याला ठरलेल्या अठरा देशांत नोकरीसाठी जाण्यापूर्वी १९८३ च्या उत्प्रवासन कायद्यानुसार परवानगी घ्यावी लागते. परवानगीसाठी लागणारा नोकरीचा करार इंग्रजीत असतो. पगार, कामाचे तास, राहण्याची सोय आणि परतीचे तिकीट ही चार कलमे त्याला स्वतः वाचता आली पाहिजेत, एवढेच आमचे उद्दिष्ट असते.

आता मराठीविषयी, कारण हा विषय टाळून मुंबईत भाषेबद्दल काही लिहिता येत नाही आणि मला तो टाळायचाही नाही. बाहेरून आलेल्यांना इंग्रजी कशाला, आधी मराठी शिकवा, असे मला माझ्याच इमारतीत ऐकावे लागते. मी स्वतः मराठीचा आग्रह धरणारी आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला तेव्हा झालेला आनंद मी लपवला नाही. पण पहिली गोष्ट अशी की आमच्या वर्गातले अनेक जण मराठीच आहेत. ते जालना, बीड, परभणी, नंदुरबार येथून आले आहेत. पाऊस नाही आणि शेत पिकत नाही म्हणून ते मुंबईच्या नाक्यांवर उभे राहतात, आणि बिहारमधल्या सिवान किंवा पश्चिम बंगालमधल्या माल्दा येथून आलेल्या मजुराइतकाच इंग्रजी कागद त्यांनाही अडवतो. दुसरी गोष्ट अशी की आमच्या वर्गात इंग्रजीचा धडा मराठी आणि हिंदीतून समजावला जातो, आणि त्यामुळे परप्रांतातून आलेला कामगार इंग्रजीच्या ओढीने येतो आणि आमच्याकडून मराठीही ऐकत, बोलत जातो. वॉर्ड ऑफिसात, रुग्णालयात, पोलीस ठाण्यात आणि शेजारणीशी बोलताना त्याला मराठीच लागते, हे त्याला आपण सांगण्यापूर्वीच समजलेले असते. चार दिवसांपैकी एक दिवस पूर्णपणे बोलण्याच्या मराठीला द्यावा, असा आमचा प्रस्ताव आहे, आणि तो दिवस आम्ही आनंदाने चालवू. मराठी माणसाकडून आपुलकीने शिकलेली मराठी टिकते. धाक दाखवून बोलायला लावलेली मराठी त्या प्रसंगापुरतीच राहते, असा माझा स्पष्ट अनुभव आहे.

हे काम या राज्याला आणि या शहराला नवे नाही. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८५५ साली पुण्यात शेतकरी व कामकरी स्त्री-पुरुषांसाठी रात्रशाळा काढली. ज्यांचे नाव आज लोअर परळच्या रस्त्याला आहे, त्या ना. म. जोशी यांनी १९११ साली मुंबईत सोशल सर्व्हिस लीग स्थापन केली, आणि लीगने गिरणी कामगारांसाठी रात्रीचे वर्ग व वाचनालये चालवली. १९३९ साली, बाळासाहेब खेर यांच्या प्रांतिक सरकारच्या काळात, मुंबईत प्रौढ शिक्षणासाठी समिती नेमली गेली आणि पुढे ती मुंबई शहर सामाजिक शिक्षण समिती म्हणून काम करू लागली. त्या काळी रत्नागिरी आणि साताऱ्याहून आलेला गिरणी कामगार चाळीतल्या खोलीत पाळीपाळीने झोपत होता आणि खाणावळीत जेवत होता. आजचा बांधकाम मजूर साकीनाक्याच्या खोलीत तसाच पाळीने झोपतो. त्या कामगारासाठी या शहराने वर्ग उघडले, दिवे लावले आणि शिक्षक शोधले. आज शिक्षक आम्ही शोधून आणतो. खोली आणि दिवा तेवढा आपण द्यावा.

शाळेचीच खोली का, हे थोडे सविस्तर सांगायला हवे. कामाच्या जागेवर वर्ग घेणे सोपे वाटते आणि काही विकासक तशी परवानगी देतातही. पण तिथे शिकणारा ठेकेदाराच्या नजरेखाली शिकतो, आणि पगाराची पावती वाचण्याचा धडा ठेकेदाराच्या शेडमध्ये मोकळेपणाने होऊ शकत नाही. शिवाय स्लॅब पूर्ण झाला, काम संपले की पत्र्याच्या खोल्या उतरवल्या जातात आणि त्याबरोबर वर्गही मोडतो. माणसे कोणी मुलुंडला, कोणी वरळीला, कोणी थेट पनवेलला जातात. भाड्याच्या खोलीत आठ-दहा माणसे राहतात. एकाचा स्वयंपाक चालू असतो, दुसरा रात्रपाळीसाठी झोपलेला असतो, आणि तिथे फळा टांगायला भिंत मिळत नाही. देवळाचे सभागृह मिळाले तर मुसलमान कामगार संकोचतो, मशिदीजवळची जागा मिळाली तर दुसरा कोणी संकोचतो. महापालिकेची शाळा मात्र प्रत्येक वस्तीत आहे, सर्वांची आहे, तिचा पत्ता रिक्षावाल्यालाही ठाऊक असतो, आणि तिथे पाणी, स्वच्छतागृह, दिवे आणि पहारेकरी आधीपासून आहेत. कामगाराचे काम बदलले तरी वर्ग तिथेच राहतो. वरळीला गेलेला माणूस वरळीच्या शाळेत त्याच धड्यावर पुढे सुरू करू शकतो, जर सगळीकडे असे वर्ग असतील तर. हा ‘जर’ केवळ आपल्या हातात आहे.

खोली वरच्या इयत्तांची असावी, असे मी जाणीवपूर्वक लिहिले आहे. पहिलीच्या मुलांसाठी केलेल्या बाकावर चाळीस वर्षांच्या गवंड्याला बसवले, तर त्याचे गुडघे बाकाखाली जात नाहीत आणि तो दुसऱ्या दिवशी येत नाही. भिंतीवरचे सफरचंद आणि मांजराचे तक्ते त्याला शिकवण्यासाठी वापरणे हाही त्याचा अवमानच आहे. तो रोज एखाद्या इमारतीचा मजला वर चढवतो. त्याला शिकवणाऱ्याने त्याच्यासमोर त्याच्याच कामाचे शब्द, त्याचाच नकाशा आणि त्याचीच पावती ठेवली पाहिजे.

ज्यांना कोणतीही लिपी वाचता येत नाही, त्यांना आम्ही एकदम इंग्रजीकडे नेत नाही. माझे ठाम मत आहे की आधी स्वतःची भाषा वाचता आली पाहिजे, मगच दुसरी. केंद्राचा उल्लास, म्हणजे नवभारत साक्षरता कार्यक्रम, २०२२ ते २०२७ या काळासाठी याच कारणाने आखलेला आहे. पंधरा वर्षांवरील निरक्षरांसाठी असलेला हा कार्यक्रम स्वयंसेवकांच्या बळावर चालतो. त्याच शाळेत शेजारच्या खोलीत त्याचा वर्ग चालला, तर माणूस एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जाईल. आपल्या शाळा मराठी, हिंदी, उर्दू, गुजराती, तमिळ, तेलुगू, कन्नड आणि इंग्रजी अशा आठ माध्यमांत चालतात. तेलंगणातून आलेल्या मजुरासाठी तेलुगूची आणि कलबुर्गीहून आलेल्यासाठी कन्नडची जुनी क्रमिक पुस्तके आपल्याच कपाटांत असतील. ती वापरण्यास मिळाली तरी आमचे मोठे काम होईल. बंगाली आणि उडिया वाचणाऱ्यांसाठी साहित्य आम्ही स्वतः जमवत आहोत.

स्त्रियांची वेळ वेगळी असते. घरकाम करणाऱ्या आणि बांधकामावर विटा-वाळू वाहणाऱ्या बायका रात्री साडेआठला घराबाहेर पडू शकत नाहीत. त्यांना दुपारी दोन ते चार हीच मोकळीक मिळते आणि तेव्हा शाळेत दुसरे सत्र भरलेले असते. जिथे एखादी खोली रिकामी असेल तिथे दुपारचा वर्गही व्हावा आणि मुलांना बरोबर आणण्याची मुभा असावी. या बायका आमच्याकडे संख्येने कमी आहेत, पण मोबाइलवर आलेला ओटीपी कोणाला सांगायचा नाही इथपासून ते औषधाच्या पाकिटावरची मुदत वाचण्यापर्यंत त्यांची गरज पुरुषांपेक्षा तसूभरही कमी नाही.

स्वयंसेवकांच्या मर्यादा मी लपवणार नाही. परीक्षा आली की विद्यार्थी येत नाहीत, बदली झाली की नोकरदार थांबतो, आणि माझ्या वयाच्या माणसांना पावसात रात्री बाहेर पडणे जमत नाही. राष्ट्रीय सेवा योजनेच्या विद्यार्थ्याला दोन वर्षांत २४० तास सेवा करावी लागते. शाळेजवळच्या महाविद्यालयांशी महापालिकेने करार केला, तर त्या तासांतला मोठा भाग इथे लागू शकेल आणि एक तुकडी गेली की दुसरी येईल. मात्र प्रत्येक केंद्रावर दार उघडणारा, नोंदवही ठेवणारा आणि न आलेल्या स्वयंसेवकाच्या जागी दुसरा बोलावणारा एक माणूस पगारी असावा, असे मला अनुभवाने वाटते. बांधकामाच्या खर्चावरील एक टक्का उपकर कामगारांच्या कल्याणासाठीच गोळा होतो; कामगार कल्याणकारी मंडळाशी बोलून त्या निधीतून हे मानधन देता येईल का, हे महापालिकेने तपासावे. बांधकाम परवानग्या आपणच देत असल्यामुळे त्या मंडळाशी बोलण्याचा आपला अधिकार आमच्यापेक्षा कितीतरी अधिक आहे.

एक विनंती मात्र अटीसारखी समजावी. वर्गाच्या दारात ओळखपत्रांची तपासणी नसावी. नोंदवहीत नाव, काम आणि मोबाइल क्रमांक एवढेच लिहिले जावे, आणि ती वही वर्गाच्या कामाखेरीज इतर कशासाठीही वापरली जाऊ नये. शाळेच्या सुरक्षिततेसाठी स्वयंसेवकांची पूर्ण कागदपत्रे आपण घ्यावीत, त्याला आमची हरकत नाही. परंतु माल्दा-मुर्शिदाबादहून आलेला बंगाली बोलणारा भारतीय मजूर आपल्याला बांगलादेशी ठरवतील या भीतीने आज या शहरात कोणत्याही सरकारी दारापाशी दबकून उभा राहतो, आणि शाळेच्या फाटकावर त्याला पहिला प्रश्न तू कुठला, असा विचारला गेला तर तो आत येणार नाही. त्याच कारणाने वर्गाची छायाचित्रे आणि उद्घाटनाचे समारंभही नकोत.

आमचा अभ्यासक्रम सहा-सहा आठवड्यांच्या छोट्या भागांत बांधलेला आहे, कारण पेरणी, ईद, छठ आणि होळी यांच्या आसपास माणसे गावी जातात आणि परतल्यावर त्यांना मधूनच सुरुवात करता आली पाहिजे. छठनंतर परतलेला कामगार होळीपर्यंत सलग सुमारे चार महिने मुंबईत असतो, आणि वर्षातला शिकण्याचा सर्वात चांगला काळ तोच आहे. म्हणून दिवाळीच्या सुट्टीपूर्वी आपण निर्णय घ्यावा. सुरुवात एल, एम पूर्व आणि जी दक्षिण या तीन विभागांतील प्रत्येकी एका शाळेपासून करता येईल. साकीनाका-कुर्ला, गोवंडी-मानखुर्द आणि वरळी-लोअर परळ येथे कामगारांची वस्ती दाट आहे, आणि एल विभागातला वर्ग आम्ही पहिल्या दिवसापासून चालवू शकतो. धड्यांची प्रत, स्वयंसेवकांची यादी आणि आठवड्याचे वेळापत्रक घेऊन आम्ही आपण सांगाल त्या दिवशी शिक्षण विभागात येऊ. मुख्याध्यापकांना जाणाऱ्या आदेशात तीन गोष्टी स्पष्ट लिहिल्या जाव्यात, एवढीच विनंती आहे : खोली कोणती, किल्ली कोणाकडे, आणि दहा वाजता दिवे बंद करून कुलूप लावण्याची जबाबदारी कोणाची.

आपली नम्र,
कामगारांच्या रात्रवर्गातील एक स्वयंसेवक शिक्षिका
साकीनाका, मुंबई